उजवीकडची खुर्ची

"मला विमान चालवायचं आहे," असं म्हटलं की माणसं कौतुकानं बघतात. "मला विमान चालवायला शिकवायचं आहे," असं म्हटलं की मात्र गोंधळतात. त्यातून मी बी. ए. द्वितीय वर्षाची, मराठी वाङ्मय घेतलेली. वाडीच्या एका ट्रकचालकाची मुलगी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. अशा मुलीनं सोनेगावच्या विमानतळाकडे नुसतं पाहावं, हेच पुष्कळ, असं काहींना वाटतं. वाटो बापडं!

सोनेगावचं आकाश काही थोडंथोडकं नाही. १९४९ पासून कित्येक वर्षं दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून टपाल घेऊन निघालेली विमानं मध्यरात्री इथं एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या गावी परतत. त्याच विमानतळावर नागपूर फ्लाईंग क्लब आहे.

वाट लांब आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, ही अट नव्वदीच्या दशकापासूनची. कला शाखेसाठी ती सैल करण्याची चर्चा २०२५ मध्ये सुरू झाली. पण चर्चेच्या भरवशावर किती दिवस बसायचं? मी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून हे दोन्ही विषय घेतले. पुढे हवामान, दिशादर्शन, हवाई नियम यांचे पेपर, प्रत्येकात शंभरात सत्तर गुण. मग किमान २०० तासांचं उड्डाण. त्यानंतर कुठे प्रशिक्षकाचं शिक्षण, आणि तेही आधी सहाय्यक म्हणून! खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात. कर्ज, शिष्यवृत्ती, नोकरी या सगळ्यांची बेरीज मी वहीच्या मागच्या पानावर करते. ती अजून जुळलेली नाही.

मग वैमानिक होऊन थांबावं ना, शिकवणं कशाला? याचं उत्तर मला बाबांच्या धंद्यात सापडलं. ट्रकवर चालकाला उस्ताद म्हणतात. त्याच्या बाजूला बसून, टायर ठोकत, काच पुसत क्लीनर शिकतो. बाबांनी असे चार-पाच पोरगे तयार केले. एकदा ते म्हणाले, "ट्रकले दुसरा ब्रेक नसते बाई. स्टेअरिंग त्याच्या हाती देल्लं, का आपला जीव त्या पोट्ट्याच्या पायात."

शिकाऊ विमानाला मात्र दुसरं सुकाणू असतं. शिकणारा डावीकडे बसतो, प्रशिक्षक उजवीकडे. म्हणजे जन्मभराची सवय उलटी करायची! डाव्या हातातलं सुकाणू उजव्या हाती, उजव्या हातातला वेग डाव्या हाती. आणि हात जे करतात ते त्याच क्षणी तोंडानं सांगायचं. हे शास्त्र पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, इंग्लंडमधल्या गॉस्पोर्ट इथं रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्यानं घडवलं. दोघांच्याही पुढ्यात नियंत्रणं, बोलायला एक नळी, आणि धोका टाळण्याऐवजी तो मुद्दाम घडवून त्यातून बाहेर पडायला शिकवणं, ही त्याची रीत.

बोलण्याची तयारी तर मी आजही करू शकते. माझे पहिले विद्यार्थी बाबाच. 'स्टॉल' म्हटलं की त्यांना वाटे, इंजिन बंद पडलं. एकदा कोंढाळीच्या रस्त्यावर मी त्यांच्या ट्रकमध्ये खिडकीबाहेर तळहात आडवा धरला. पुढची कड जराशी उचलली, तसा हात वर उचलला गेला. आणखी तिरपा केला, तर उचलणं संपलं. वारा नुसता मागं ढकलू लागला. पंखाचंही तसंच. वाऱ्याशी त्याचा कोन साधारण १५-१६ अंशांच्या पुढं गेला की हवा पंखाला चिकटून वाहत नाही.

"म्हंजे इंजिन चालूच रायते, अन् तरी पडते?"

"हो. आणि पडताना नाक वर ओढायचं नाही, खाली करायचं."

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे भेणाऱ्याले शिकवणं कठीण हाये."

आईचा प्रश्न याहून कठीण आहे. १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून निघालेलं शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्याच्या डोंगरात कोसळलं. शिकणारी मुलगी आणि तिचे प्रशिक्षक, दोघंही गेले. आई ती बातमी विसरलेली नाही. ती एवढंच विचारते, "शिकवणारा बाजूलेच होता ना? मंग?"

या 'मंग'ला माझ्याकडे उत्तर नाही. उजवीकडे कुणी बसलं म्हणजे सगळं निभावतं, असं मी तिला सांगू शकत नाही. पण उजवीकडे कुणीच नसणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. प्रवेशाचा अर्ज, विषयांची निवड, ग्रंथालयाचं कार्ड... या कॉलेजात माझं प्रत्येक पाऊल बाजूला कुणी नसताना पडलं. म्हणून मला ती खुर्ची हवी आहे. ढग पाहून "आज उडायचं नाही" असं सांगणारी, आणि वेळ आली की हात मांडीवर ठेवून "आता तू" म्हणणारी.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा माझा भौतिकशास्त्राचा पेपर झालेला असेल. आईनं परीक्षेची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात गोल करून ठेवली आहे. प्रश्न अजून तोच आहे तिचा. पण गोल तिनं स्वतःच्या हातानं केला आहे.