बसलेली गाडी

आमची जुनी इस्टेट गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी मागच्या अंगाने बसलेली आढळे. तिच्या मागच्या चाकांवर स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे आहेत. एका ठिकाणी गाडी न तपासताच कंप्रेसर बदलायला सांगितले गेले. खर्च माझ्या पगाराहून मोठा, तरी मी होकार देऊन बसलो होतो.

वागळे इस्टेटमधल्या (नावाचा हा योगायोग!) एका मिस्त्रींनी तो टाळला. एमआयडीसी १९६२ सालची. तिच्या या आरंभीच्या वसाहतीत आज कारखान्यांच्या जोडीने गॅरेजेसही दिसतात. गाडी हवेने वर येताच त्यांनी खाली घोडे लावले. "हवेच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, सर." मग साबणाचे पाणी मारले. डाव्या फुग्याच्या घडीपाशी बारीक बुडबुडे उमटले. रबर बहुधा घडीवरच तडकते. गळती भरून काढताना कंप्रेसर वारंवार धावतो, तापतो आणि अखेर जळतो. म्हणजे तो बळी, अपराधी नव्हे. नवा बसवला असता तर तोही गेला असता. वर्गात कार्यकारणभाव शिकवणाऱ्या मला हे सुचू नये!

दोन्ही फुगे बदलले, रिलेही. कंप्रेसर जुनाच आहे. रोज सकाळी मागच्या चाकावरची फट मी बोटांनी मोजतो: चार बोटे.