जोडणी आणि जुळणी

आजीच्या काळचा पितळी डबा तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी अजून असेल. त्याचे झाकण उलटे करून पाहा. कडेपासून किंचित आत एक पातळ कडे दिसेल. झाकण लावले की हे कडे डब्याच्या तोंडात उतरते आणि झाकण बरोबर मधोमध बसते. अंधारात लावले तरी ते मधोमधच बसते. आता दुधाच्या पातेल्यावर झाकलेली ताटली आठवा. ती नीट मधोमध ठेवावी लागते आणि एवढे करूनही जरासा धक्का लागला की सरकते. मांजराला हे आपल्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते!

विजेच्या मोटारीविषयी मी तुम्हांला जे सांगणार आहे, त्यातले निम्मे त्या डब्याच्या झाकणात आहे.

मी जन्मभर मराठी शिकवले. यंत्रांशी माझा संबंध शाळेच्या घड्याळाला किल्ली देण्यापलीकडे कधी गेला नसता. परंतु मुख्याध्यापक झाल्यावर व्याकरणाबरोबर विहिरीवरचा पंपही सांभाळावा लागतो. आमची शाळा माळावर, विहीर खाली ओढ्याच्या काठी. तीन अश्वशक्तीची एक मोटार पंप फिरवी आणि पाणी वर टाकीत चढे. २०१० सालच्या पावसाळ्यापासून ही मोटार दोनदा जळाली. दोन्ही वेळा गावाने वर्गणी काढली आणि दोन्ही वेळा तांब्याची नवी तार भरून मोटार परत आली. २०११ च्या चैत्रात ती तिसऱ्यांदा बंद पडली. मुले दप्तराबरोबर कळश्या घेऊन येऊ लागली. पाण्यासाठी शाळा सकाळी दोन तासच भरवावी की काय, असा विचार सुरू झाला. गावाकडे तिसऱ्यांदा वर्गणी मागण्यात अर्थ नव्हता. त्या वर्षी ज्वारीच हाती लागली नव्हती.

तालुक्याच्या गावी माझा एक जुना विद्यार्थी मोटारी दुरुस्त करीत असे. शुद्धलेखनात तो यथातथाच होता. पण भूमितीच्या तासाला त्याने काढलेले वर्तुळ पाहत राहावे असे असे. मोटार बैलगाडीत घालून आम्ही त्याच्याकडे नेली. तो म्हणाला, "सर, तार मी भरून देईन. पण ती का जळते ते आधी बघू या."

मोटार उघडण्यापूर्वी त्याने एक गोष्ट केली. पंच आणि हातोडी घेऊन त्याने एका टोकाच्या झाकणावर एक ठिपका उमटवला आणि त्याला लागूनच मोटारीच्या अंगावरही एक ठिपका उमटवला. दुसऱ्या टोकाला दोन-दोन ठिपके. परत जोडताना कोणते झाकण कोणत्या बाजूचे, आणि ते कोणत्या दिशेने बसले होते, हे ते ठिपके सांगणार होते. मग त्याने बोल्ट काढले.

मोटारीचे पोट आतून फार साधे असते. बाहेर बिडाचे कवच. त्यात पोलादाचे शेकडो पातळ पत्रे एकावर एक रचून केलेले एक जाड कडे, आणि त्या कड्याच्या खाचांतून तांब्याची तार. हा भाग स्थिर असतो. त्याला स्टेटर म्हणतात. त्याच्या पोकळीत आसावर बसवलेला एक पोलादी नळकांड्यासारखा भाग फिरतो, तो रोटर. आसाची दोन टोके दोन बेअरिंगांत, आणि ती बेअरिंगे दोन बाजूंच्या झाकणांत. एवढाच संसार. रशियात जन्मलेल्या मिखाइल दोलिवो-दोब्रोव्होल्स्की या अभियंत्याने १८८९ साली जर्मनीत अशी तीन तारांच्या विजेवर चालणारी मोटार केली. तिच्या रोटरला बाहेरून एकही तार जोडलेली नसते. स्टेटरमध्ये चुंबकत्व गरगर फिरते आणि ते मधल्या हवेतून रोटरला आपल्यामागे ओढते. रोटर सेकंदाला चोवीस फेरे घेतो, पण स्टेटरला त्याचा स्पर्श होत नाही. होऊ नये.

स्टेटर आणि रोटर यांच्यामध्ये फट किती असते? आमच्या मोटारीएवढ्या मोटारीत ती एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते. म्हणजे वहीची तीन-चार पाने! मी त्याला विचारले, "अरे, मग ती थोडी रुंदच का ठेवीत नाहीत?" तो म्हणाला, "सर, चुंबकत्वाला लोखंडातून जाणं सोपं, हवेतून जाणं अवघड. फट वाढवली की तेवढंच काम करायला जास्त वीज घ्यावी लागते." फट लहान हवी, आणि ती चारी बाजूंनी सारखी हवी. चुंबकाजवळ टाचणी सरकवून पाहा. लांब असते तोवर ती निवांत असते. जवळ गेली की एकदम झेपावते. रोटर एका बाजूला केसभर सरकला तर त्या बाजूची ओढ वाढते. ओढ वाढली की आस त्या बाजूला आणखी वाकतो. वाकला की ओढ आणखी वाढते. शेवटी दोघे घासू लागतात.

आमच्या मोटारीत नेमके हेच झाले होते. त्याने मला स्टेटरच्या आतल्या बाजूवर बोट फिरवायला सांगितले. एकाच ठिकाणी, चार बोटे रुंदीचा पट्टा, घासून चकचकीत झाला होता. रोटर मात्र सगळीकडून घासलेला होता. "यावरून काय कळतं?" त्याने मलाच प्रश्न घातला. वर्गात जो खेळ मी त्याच्याशी खेळत असे तो तो आता माझ्याशी खेळत होता! तुम्हीही क्षणभर विचार करून पाहा. आस वाकडा असता तर रोटरची एकच बाजू फुगल्यासारखी पुढे आली असती. फिरताना तिने स्टेटरला सगळीकडे घासले असते आणि स्वतः मात्र एकाच ठिकाणी घासली गेली असती. इथे उलटे होते. म्हणजे आस सरळ होता, पण तो मध्यावर नव्हता. रोटरचा प्रत्येक भाग फिरत फिरत त्या एकाच अरुंद जागेपाशी येत होता आणि घासून जात होता. त्या घासण्याने पत्रे तापत, तारेवरचे लेपण जळे आणि मोटार जळाली असे आपण म्हणत असू. तार निर्दोष होती. तिला दोनदा शिक्षा झाली होती.

बेअरिंगे त्याने हलवून पाहिली. ती ठीक होती. मग त्याने एक झाकण उचलून उजेडात धरले. त्याच्या आतल्या अंगाला, डब्याच्या झाकणाला असते तसेच, एक कडे असते. कारखान्यात त्याला स्पिगॉट म्हणतात; आपण खांदा म्हणू. हा खांदा कवचाच्या तोंडात घट्ट बसतो, आणि आस मध्यावर राहतो तो त्याच्यामुळे. आमच्या झाकणाच्या खांद्यावर कानशीचे ओरखडे होते. आधीच्या कोणा कारागिराने तार भरल्यावर वार्निश ओतले असावे. ते कवचाच्या तोंडावर ओघळून वाळले, झाकण आत जाईना. तेव्हा वाळलेले वार्निश खरवडण्याऐवजी त्याने खांदाच घासून टाकला. झाकण बसले, बोल्ट आवळले गेले, मोटार फिरलीही. पण आता ते झाकण पातेल्यावरची ताटली झाले होते.

"पण बोल्ट होते ना चार?" मी म्हणालो.

त्याने एक बोल्ट त्याच्या छिद्रात घालून हलवून दाखवला. छिद्र बोल्टापेक्षा चांगले मिलिमीटरभर मोठे होते. ते मुद्दाम तसे ठेवलेले असते. बोल्टाचे काम धरून ठेवण्याचे. जागा दाखवण्याचे काम खांद्याचे. एकच काम दोघांना दिले तर दोघे भांडतात: छिद्रे रेसभर चुकली तरी बोल्ट झाकणाला एकीकडे ओढू पाहतील, खांदा दुसरीकडे.

मला ही गोष्ट फार आवडली आणि घरी येताना गाडीत बसून मी मराठी शिक्षकाच्या सवयीने शब्दांशी खेळू लागलो. आपल्याकडे तीन क्रियापदे आहेत: जोडणे, जुळवणे आणि जुळणे. 'मी जोडतो' असे म्हणता येते, 'मी जुळवतो' असेही म्हणता येते. पण 'मी अमुक जुळतो' असे म्हणता येत नाही. जुळणे हे अकर्मक आहे. ते आपले आपण घडते. मोटारीचा आराखडा काढणाऱ्याचे सारे कसब एवढ्यासाठीच असते की, जोडणाऱ्याने नुसते जोडावे आणि जुळवण्याचा खटाटोप न करता ते जुळावे. हे व्याकरण मी वर्गात तीस वर्षे शिकवले. त्याचे इतके चांगले उदाहरण मला तोवर मिळाले नव्हते.

हे साधते कसे? कवायतीच्या तासाला तुम्ही पुढच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून रांग करता. पहिला मुलगा बोटभर सरकतो, दुसरा त्याच्यावरून आणखी बोटभर, आणि शेवटचा मुलगा झाडाखाली जाऊन उभा राहतो! मोटारीतही अशीच रांग असते: स्टेटर कवचात, कवच झाकणाला, झाकण बेअरिंगला, बेअरिंग आसाला, आस रोटरला. प्रत्येकाची चूक बारीक असली तरी त्या सगळ्या एकत्र आल्या की वहीच्या तीन पानांची फट पुरत नाही. म्हणून कवायतीचे शिक्षक मैदानावर फक्कीची रेघ मारतात आणि सगळ्यांना त्या रेघेवर उभे करतात. कारखान्यातही तसेच करता येते. स्टेटरच्या पोकळीत एक फुगणारा दांडा घालून तिथेच कवच पकडतात आणि त्याच मध्यावरून कवचाची दोन्ही तोंडे लेथवर कातून घेतात. झाकण लेथवर एकदा बांधले की बेअरिंगची जागा आणि खांदा, दोन्ही न सोडता एकाच बांधणीत कातायचे. सोडून पुन्हा बांधले की मध्य हलला.

आणखीही बारकावे असतात. खांद्याची कड थोडी तिरपी उतरती ठेवतात, म्हणजे झाकणाला वाट सापडते. खांदा उगाच लांब ठेवीत नाहीत. लांब खांदा किंचित तिरपा शिरला तर मध्येच अडकतो. आणि मोटार तापल्यावर आस लांबतो, त्यासाठी एक बेअरिंग आपल्या जागी पक्के धरून दुसऱ्याला थोडे सरकायला मोकळीक देतात. फूटभर लांबीचा पोलादी आस पन्नास अंशांनी तापला तर सुमारे ०.१८ मिलिमीटर वाढतो. दोन्ही बाजूंनी त्याला आवळून धरले तर तो बेअरिंगांवर रेटा देईल. तुमच्या घरातल्या तीन पायांच्या प्लगकडे कधी पाहिले आहे का? त्याचा वरचा पाय इतरांपेक्षा जाड व लांब असतो. तो उलटा घालू म्हटले तरी घालता येत नाही. जागा चुकू न देण्याचीच ती एक युक्ती.

आमच्या झाकणाचा खांदा कातून त्यावर पोलादाचे एक कडे चढवण्यात आले. ते काम पाहायला मी मुद्दाम गेलो. टर्नरने बेअरिंगच्या जागेला डायल गेजची टोकदार सुई टेकवली आणि झाकण हाताने सावकाश फिरवले. गेजचा काटा थरथरला. त्याने लेथचा एक जबडा सैल केला, दुसरा आवळला; पुन्हा फिरवले. पाऊण तास हेच चालले होते. काटा जेव्हा जागचा हलेना, तेव्हाच त्याने कड्याला हत्यार लावले. कातायला लागली फक्त पाच मिनिटे! मोटार जोडताना ते झाकण हाताच्या दाबाने थोडे शिरले आणि लाकडी हातोडीच्या चार हलक्या ठोक्यांनी बसले. माझ्या विद्यार्थ्याने आसाचे टोक दोन बोटांत धरून फिरवले. आत काहीच वाजले नाही.

ती मोटार आणखी पाच वर्षे चालली. २०१६ साली, मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी, तिच्या जागी नवी आणली. ती दुसऱ्याच कारखान्याची होती. पंपाच्या जुन्या पायावर ती कशी बसेल याची मला काळजी होती. माझ्या विद्यार्थ्याने दोन्ही मोटारींच्या पट्ट्यांवरचा १०० हा आकडा दाखवला. पायाच्या तळापासून आसाच्या मध्यापर्यंतची उंची १०० मिलिमीटर, असा त्याचा अर्थ. मानकाप्रमाणे ही उंची अर्धा मिलिमीटरपर्यंत कमी भरलेली चालते, जास्त भरलेली मुळीच चालत नाही. याचे कारण मला त्याने सांगावे लागले नाही: कमी पडले तर पायाखाली पत्रा सारता येतो; जास्त झाले तर काय, पाय तासायचे?

नव्या मोटारीचे पाय जुन्या छिद्रांवर बरोबर आले. आस पंपाच्या आसाहून किंचित खाली होता. त्याने चारी पायांखाली पितळी पत्र्याच्या पातळ पट्ट्या सारल्या, बोल्ट आवळले, गेज लावून दोन्ही आस फिरवून पाहिले आणि कळ दाबली. टाकीवर चढवलेल्या सातवीतल्या मुलाने वरून ओरडून सांगितले, "सर, आलं पाणी!"