हात लावून परत येणं

निवडणुकीच्या बातम्यांनी कुस्तीची भाषा केव्हाच उचलली. उमेदवार शड्डू ठोकतो, आखाड्यात उतरतो, कुणाला अस्मान दाखवतो. भाषा रांगडी आहे, कानाला बरी वाटते. पण ती निवडणुकीचं चित्र चुकीचं काढते. कुस्तीत माणसं दोनच, आणि बळ, डाव, दमसास सगळं एकेका अंगात मावलेलं. निवडणूक त्यापेक्षा कबड्डीच्या फार जवळची. हा खेळ महाराष्ट्र हुतूतू म्हणून पिढ्यानपिढ्या खेळला, त्याचे नियम बांधण्यात मोठा वाटा इथल्याच लोकांचा, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली तो बर्लिनला नेऊन दाखवला; तरी आपल्या राजकीय बोलीत त्याला कुस्तीच्या पासंगाएवढीही जागा नाही.

कबड्डीचं सगळं मर्म एका साध्या अटीत आहे. चढाई करणारा समोरच्या अंगणात जाऊन कुणाला नुसता शिवला, की गुण मिळत नाही. दम न सोडता मध्यरेषेपर्यंत परत यावं लागतं. तीस सेकंदांत. शिवण्यापर्यंतचा भाग नजर खेचून घेतो: ती लवचीक कंबर, हुलकावणी, मागे झेपावलेला पाय. पण शिवून झाल्यावर कोपरारक्षकाने घोटा धरला आणि मधल्यांनी साखळी करून अंगावर झेप घेतली, की तो सुंदर स्पर्श फुकट जातो. वर स्वतः बाद होऊन गुण समोरच्यांना. याची दुसरी बाजू त्याहून नाट्यमय. चार जणांच्या ओझ्याखाली दबलेल्या गड्याने दम टिकवून, हात लांबवून मध्यरेषेला बोटाचं टोक टेकवलं, की धरणारे सगळे बाद.

निवडणुकीत सभा, रोड शो, फिरणारी चित्रफीत हा झाला स्पर्श. मत हे परत येणं. या दोहोंच्या मधल्या अंगणात जे उभे असतात ते काही केवळ विरोधी पक्षाचे गडी नव्हेत. मे महिन्याचं ऊन असतं, लग्नाची तिथी असते, जोडून आलेली सुट्टी आणि गावाची गाडी असते, यादीतून गायब झालेलं नाव असतं, ‘माझ्या एका मताने काय होतंय’ हा जुनाच, भक्कम कोपरारक्षक असतो. सभेत टाळ्या देणारा माणूस या सगळ्यांच्या हातून सुटून यंत्राचं बटण दाबेपर्यंत पक्षाच्या पदरात काहीही पडलेलं नसतं. म्हणून यादीच्या एकेका पानाची जबाबदारी एकेका कार्यकर्त्यावर टाकतात. म्हणून केंद्राबाहेरच्या टेबलावर नावापुढे खुणा होतात आणि दुपारी तीनला कोण आलं नाही ते पाहून दुचाकी धावू लागतात. त्या धावपळीला कुणी टाळ्या देत नाही. पण २०२४च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६ मतं पडली. नऊ लाखांवर मतांमध्ये अंतर ४८. राजस्थानात २००८ साली नाथद्वाऱ्यात सी. पी. जोशी, तेव्हाचे प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष, एका मताने हरले. यापुढे बोटाच्या टोकाचा हिशेब आणखी कसा समजवायचा?

यावर लाटेचा दाखला देतील. १९७७ साली कुठले बूथ आणि कुठल्या याद्या? जनता पक्ष जानेवारीत जन्मला, मार्चमध्ये २९५ जागा घेऊन बसला. चिन्हसुद्धा भारतीय लोकदलाचं, उसनं. आक्षेप वजनदार आहे. मात्र पक्ष नवा होता, गडी नवे नव्हते. जनसंघ, समाजवादी, लोकदल, संघटना काँग्रेस यांचे वर्षानुवर्षं गल्ल्या तुडवलेले कार्यकर्ते तुरुंगातून आणि भूमिगत कामातून थेट मैदानात आले. आणि त्याच लाटेत आंध्रात ४२पैकी ४१ जागा काँग्रेसने राखल्या. लाट चढाई सोपी करते हे मान्य. तेव्हा समोरच्यांचे पाय आधीच डळमळलेले असतात. परत येण्याचं काम ती रद्द करत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. कबड्डीत गुण कुठल्याही कोपऱ्यात मिळो, फलकावर तो जमा होतोच. निवडणुकीत तसं नाही. मध्य प्रदेशात २०१८ साली भाजपला किंचित जास्त मतं होती आणि जागा १०९, काँग्रेसला ११४. महाराष्ट्रात २०२४च्या लोकसभेला दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचंही अंतर नव्हतं, जागा मात्र ३० आणि १७. आणि सहा महिन्यांच्या आत विधानसभेला सगळं उलटं झालं. तेव्हा उपमा सुधारून घ्यायला हवी: विधानसभा हा एक सामना नसून शेजारशेजारच्या २८८ मैदानांवर एकाच दिवशी चाललेले सामने आहेत आणि एका मैदानावरचे उरलेले गुण पलीकडे उसने देता येत नाहीत. प्रो कबड्डीत अनेक हंगाम सात किंवा कमी गुणांनी हरलेल्या संघाला तक्त्यात एक गुण तरी मिळायचा. आपली पद्धत एवढीही दया दाखवत नाही. पण यामुळे मूळ मुद्दा ढिला न पडता उलट आवळला जातो, कारण जिथे रेषा हातभर दूर आहे त्याच मैदानावर माणसं पाठवणं हीच मग खरी अक्कल ठरते.

उपमा खरोखर तुटते ती दुसऱ्याच जागी. कबड्डीत बाद झालेला गडी जिवंत होतो तो आपल्याच संघात, बाद झाल्याच्या क्रमाने. राजकारणात तो पुष्कळदा समोरच्या अंगणात जिवंत होतो, आणि क्रमाचं तर नावच नको. शिवाय खेळाडूंनी स्वतःसाठी नियम केले असं कबड्डीत होत नाही. पक्षांतराचा कायदा मात्र पक्षांतर करू शकणाऱ्यांनीच १९८५ साली केला, एक तृतीयांश जण फुटले तर माफ अशी फट ठेवून, आणि २००३ साली ती फट बुजवताना दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची खिडकी उघडी राहू दिली. पंचाने हे पाहून काय करावं?

एक नियम तरी दोन्हीकडे सारखा आहे. वेळ संपल्यावरही सुरू असलेली शेवटची चढाई कबड्डीत पूर्ण होऊ देतात. मतदान केंद्रावर सहाचा ठोका पडला की अधिकारी रांगेकडे येतो आणि क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटू लागतो, सर्वांत मागे उभ्या असलेल्या माणसापासून, म्हणजे त्याच्यामागे आता कुणी घुसू नये. तो माणूस चिठ्ठी मुठीत धरून उभा राहतो. पुढे अजून तीसेक जण असतात, आणि बोटाला शाई लागायची असते.