हात गुंतलेले, कान रिकामे

बदलापूरची जलद लोकल धरली तरी सीएसएमटीपासून घरचं स्टेशन यायला सव्वा तासाच्या वर लागतो. संध्याकाळी महिलांच्या डब्यात ठाणं मागे पडलं की पिशव्या उघडतात. मटार सोलले जातात, गवारीच्या शिरा निघतात, मेथीची जुडी मांडीवरच्या वर्तमानपत्रावर पसरते. हात गुंतलेले, डोळे अर्धे गुंतलेले, कान मात्र पूर्ण रिकामे. या कानांना काय ऐकवावं? पॉडकास्टच्या शिफारशी विषयवार येतात: इतिहास, गुन्हे, गुंतवणूक, अध्यात्म. माझं म्हणणं एवढंच, की यादी कामवार हवी. मटाराला काय चालेल, पोळ्यांना काय, इस्त्रीला काय. हा विचार काही नवा नाही. सार्वजनिक रेडिओने तो फार पूर्वी केला होता, आणि त्याच्याही आधी जात्याने.

जात्यावरची ओवी दळणाच्या फेऱ्याने बेतलेली असते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या वाचता येतात, त्यातल्या कितीतरी ऐकताही येतात. गिरणी आली, जातं थांबलं आणि ओवीचा आधार गेला. गाणं कामाला किती घट्ट बांधलेलं होतं, ते यातून कळतं. यंत्रयुगात हेच सूत्र बीबीसीने उचललं. युद्धाच्या धामधुमीत, जून १९४० मध्ये, कारखान्यांतल्या कामगारांसाठी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ सुरू झालं. त्यातली एक गंमत फार बोलकी आहे. एका लोकप्रिय अमेरिकन गाण्यात मध्येमध्ये टाळ्या होत्या. ऐकणारे हातातली हत्यारं ठेवून टाळ्या वाजवतील, म्हणून कामाच्या वेळेत ते गाणं वर्ज्य ठरलं. आकाशवाणी मुंबईच्या जुन्या कार्यक्रमांची नावं आठवून पाहा: ‘कामगार सभा’, ‘वनिता मंडळ’. विषयाच्या आधी ऐकणारा कोण, हे ठरलेलं होतं.

उल्हासनगरात जीन्स शिवणारे गाळे आहेत, त्यांत कामागणिक ऐकणं कसं बदलतं, हे हाताच्या अंतरावरून दिसतं. मशीनवर बसलेला कारागीर सरळ शिवण मारतो तेव्हा मोटर घरघरते, कोपऱ्यावर थांबते, कापड वळतं, पुन्हा घरघरते. त्या आवाजात बोलणं टिकत नाही. दर चौथा शब्द मोटर खाऊन टाकते. तिथे ओळखीचं गाणं हवं, कारण बुडालेली ओळ कान स्वतःच भरून काढतो. शिवलेल्या पॅंटीचे लोंबते धागे कापण्याचं काम मात्र बिनआवाजी. छोटी कात्री, मांडीवर कापड, बोटांना पाठ झालेल्या जागा. तिथे बोलणं हवं, गोष्ट हवी, दोन माणसांचा वाद हवा. जीन्स तीच, गाळा तोच, पण ऐकायचं वेगळं.

या हिशेबाने लोकलसाठी मी बीबीसी मराठीची ‘गोष्ट दुनियेची’ सुचवेन. एका भागात एकच प्रश्न असतो आणि तो टप्प्याटप्प्याने उलगडतो. डोंबिवलीच्या रेटारेटीत दोन वाक्यं हुकली तरी धागा पुन्हा हाती लागतो. मध्यम लहरींवरचा रेडिओ लोखंडी डब्यात खरखरतो, तेव्हा भाग आधीच उतरवून घेतलेला बरा. रात्रीच्या भांड्यांसाठी विविधभारतीची ‘हवामहल’ : पंधरा मिनिटांची नाटिका, साधारण एका घराच्या खरकट्याएवढी. १९५७ पासून चालत आलेली ही विविधभारती आता ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवरही लागते. आणि या प्रकारच्या लेखनाचा नमुनाच पाहायचा तर आकाशवाणीची जुनी श्रुतिका ‘पुन्हा प्रपंच’. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी, तीनच आवाज, लगेच ओळखू येणारे. पीठ मळणाऱ्या बाईला मान वर करून ‘आता कोण बोललं?’ असं विचारावं लागत नसे.

यावर कोणी म्हणेल, हे अर्धवट ऐकणं झालं, कलेचा अपमान. काही बाबतींत ते खरंच आहे. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं, तेव्हा लोक रेडिओला हार घालून समोर बसत, असं सांगतात. तिथे कांदा चिरणं शोभलं नसतं. पण देवघर आहे म्हणून ओटीवर कोणी बसू नये, असं थोडंच आहे? दुसरा आक्षेप अधिक वजनदार: आकाशवाणी सरकारची, तिच्या बातम्यांना सरकारी वळण असणारच. मान्य. बातमी चार ठिकाणी पडताळूनच घ्यावी. पण नाटिका, गाणं, शेतीचा सल्ला यांना तो आक्षेप तितका लागत नाही. तिसरा आक्षेप नव्या पिढीचा: फोन आपल्या आवडीचं आपणच शोधून देतो, मग शिफारस कशाला? कारण फोन शोधतो ते आपल्याला धरून ठेवणारं. सोबतीच्या आवाजाने मात्र वेळेवर सोडायलाही हवं. बीबीसीने टाळ्यांचं गाणं बाजूला ठेवलं ते याचसाठी. फोनला हातातली कात्री दिसत नाही.

काही कामं तर कानाचीच असतात. रूळ ओलांडणं हे त्यातलं पहिलं. खरं तर पुलावरूनच जावं, पण घाईत खाली उतरणाऱ्याने निदान इअरफोन खिशात टाकावेत. स्वयंपाकातही तेच. बदलापूर आलं की सोललेले दाणे डब्यात जातात, सालं पिशवीत, आणि भागाची सात मिनिटं शिल्लक राहतात. ती उसळ शिजत लागल्यावर. त्याआधी कढईत तेल तापलेलं असतं, आणि मोहरी तडतडल्याचं कानांनीच कळायचं असतं.