किक हलकी झाली तेव्हां

आमच्या घरीं चेतक स्कूटर 1988 सालीं आली. त्या काळीं पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. क्रमांक लागला त्या दिवशीं तीर्थरूपांनीं तिला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव बजाज कंपनीनें 1972 सालीं या गाडीस दिलें, आणि 1985 सालीं कंपनीचा कारखाना आमच्या मराठवाड्यांत वाळूज येथें निघाल्यामुळें ती आम्हांस जवळची वाटे. अशा गाडीचें इंजिन खोलावयाचें किंवा कसें, हा प्रश्न निघाला म्हणजे तो केवळ यंत्राचा राहत नाहीं, हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगावयास नको.

आमच्याकडे यावर दोन पक्ष होते. चिरंजीवांचें म्हणणें, गाडी धूर सोडते, तेव्हां ती भंगारांत द्यावी. धाकटे बंधू म्हणत, धूर ती पहिल्या दिवसापासूनच सोडते! वास्तविक बंधूंचेंच खरें होतें. हें इंजिन टू-स्ट्रोक जातीचें. त्यांत पेट्रोलांत ऑइल मिसळून घालावें लागतें व तेंहि जळतें; थोडा निळसर धूर हा त्याचा स्वभावच होय. धूर एकाएकीं दाट पांढरा झाला आणि गिअरचें ऑइल कमी होऊं लागलें, तर बहुधा क्रँकशाफ्टचें ऑइल सील गेलेलें असतें. पिस्टनाचा त्यांत दोष नाहीं. चढावर गाडी दमूं लागली, तर आधीं सायलेन्सर पाहावा. काजळीनें त्याची वाट बुजली म्हणजे उत्तम इंजिनहि गुदमरतें. क्लच घसरत असला, तर इंजिन गर्जतें आणि गाडी मात्र रेंगाळते. एवढ्यावरून धडधाकट इंजिनें खोलून बसलेले लोक आम्हीं पाहिले आहेत.

खरें लक्षण आमच्या पायाखालींच होतें, तें मात्र आम्हांस कळलें नाहीं.

2018 सालीं आम्ही सेवानिवृत्त झालों, त्या सुमारास गुडघा दुखूं लागला. सकाळीं किक मारणें शिक्षेसारखें वाटे. परंतु त्याच वर्षीं किक दिवसेंदिवस हलकी होत चालली. पाय टेकावा आणि ती खालीं जावी. आम्हांस मोठें समाधान वाटलें. गाडीला आमच्या वयाची दया आली, असें आम्ही घरांत विनोदानें म्हणतहि असूं. इंजिन तापल्यावर तें पुन्हां चालू होण्यास दहा-बारा किका लागत. पण त्या हलक्या म्हणून आम्हीं कधीं मोजल्या नाहींत.

त्या पौषांत लातूरहून निरोप आला कीं, कन्येस प्रसूतीसाठीं दवाखान्यांत नेलें आहे. नांदेडहून एस. टी.नें जावें, असें सर्वांनीं परोपरीनें सांगितलें. आम्हीं स्कूटर काढली, सौभाग्यवतींस मागें बसविलें आणि निघालों. लोहा गेलें, माळेगांव गेलें, आणि पुढच्या एका चढावर इंजिन बंद पडलें. प्लग पुसला, गाडी आडवी कलती करून पाहिली, पन्नास किका मारल्या. पाय नुसता खालीं जाई. अखेर सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, तुम्ही बसा गाडीपाशीं. मी लेकीकडे जातें.” त्यांनीं हात दाखवून एस. टी. थांबविली व त्या गेल्यासुद्धां.

आम्ही टेंपोंत गाडी घालून लोह्यास परत आलों. तेथील मिस्त्रीनें धुराची चौकशीहि केली नाहीं. त्यानें किक हातानें दाबली आणि विचारलें, “गुरुजी, ही कधीपासून अशी हलकी आहे?”

“वर्ष झालें असेल.”

“मग वर्षापूर्वीच यायचं होतं. हिच्यात दमच राहिला नाही.”

प्लगच्या भोकांतून त्यानें थोडें ऑइल आंत सोडलें, प्लग बसविला आणि पुन्हां किक दाबली. आतां ती चांगलीच अडली. ऑइलानें फटी क्षणभर बुजल्या, म्हणजे रिंगा आणि सिलिंडर झिजले आहेत, असा त्याचा निर्णय. पायाला जो जोर लागतो तो आंत दाबल्या जाणाऱ्या वायूचा. तो वायू रिंगांच्या बाजूनें निसटूं लागला म्हणजे किक हलकी होते, आणि इंजिनाचें बळहि त्याच वाटेनें जातें. सिलिंडर उतरविल्यावर त्यानें आमचें बोट आंत फिरवावयास लाविलें. वरच्या कडेशीं नखाला पायरी लागली. तेथवर रिंग पोंचत नाहीं, म्हणून तेवढा भाग मूळचा राहिलेला. पिस्टन रिंगांच्या खालींहि जळून तपकिरी झाला होता.

माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत घोडा घेणारा त्याचें तोंड उघडून दांत पाहतो. हें आम्ही लहानपणापासून पाहत आलों. आणि त्याच माळेगांवावरून आम्ही तसला चेतक हांकीत नेला!

नातीचा जन्म त्याच संध्याकाळीं झाला. आम्हांस ती दुसऱ्या दिवशीं दिसली. सौभाग्यवतींनीं याबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाहीं.

सिलिंडर बोअर करून किंचित् मोठा पिस्टन बसविला. असें कांहीं वेळांच करतां येतें, पुढें सिलिंडरची भिंत पातळ होते. 2020 सालापासून कंपनी चेतक याच नांवाची विजेची गाडी विकते, ती घ्यावी असें चिरंजीव सुचवितात. तिला किक नाहीं. आमच्या गाडीची किक आतां इतकी जड झाली आहे कीं, आमच्या गुडघ्याला ती झेपत नाहीं. सकाळीं पुतण्या येऊन ती मारतो, आणि इंजिन चालू झाल्यावर आम्ही वर बसतों.