लाल माती, टेनिस आणि आपले गुडघे

जर्मनीतल्या हायलब्रॉन शहरात 2014 पासून नेकारकप ही टेनिस स्पर्धा होते, लाल मातीच्या कोर्टवर. दर्जा चॅलेंजर, म्हणजे फ्रेंच ओपनसारख्या मोठ्या स्पर्धांच्या बऱ्याच खालची पायरी. 2024 मध्ये ती आपल्या सुमित नागलने जिंकली. अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडच्या रिचार्डला 6-1, 6-7, 6-3 असं हरवलं. त्याच रविवारी पॅरिसला अल्काराझ आणि झ्वेरेव फ्रेंच ओपनची फायनल खेळत होते, त्यामुळे इकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पण या विजयाने नागल जागतिक क्रमवारीत 77 वा झाला आणि ऑलिंपिकचं दार उघडलं. 2021 च्या शेवटी त्याच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली होती, हे लक्षात घेतलं तर मला या विजयाचं जास्तच कौतुक वाटतं.

आता गुडघ्यांकडे येतो. "मातीचं कोर्ट मऊ, म्हणून सांध्यांना चांगलं" असं बरेच जण मानतात. आपल्याला लाल माती म्हटलं की तालीम आठवते. तिथली माती खणून भुसभुशीत केलेली असते, पैलवान आपटला तरी झेलते. टेनिसची लाल माती म्हणजे विटांची पूड! खाली खडी-चुनखडीचे दाबलेले थर आणि वर जेमतेम एक-दोन मिलिमीटर पूड. पाणी मारून, रोलर फिरवून ती घट्ट बसवतात. अंगठा दाबला तर रुतणार नाही.

तरीही त्यावर खेळताना पायांवरचा ताण कमी पडतो, कारण तिथे घसरता येतं. सिमेंटच्या किंवा सिंथेटिक कोर्टवर रबरी तळवा जमिनीला चिकटतो. पाऊल जागीच थांबतं, पण शरीर पुढे जात राहतं आणि मध्ये पिळवटतो तो गुडघा. त्यातली गादी (मेनिस्कस) आणि अस्थिबंध यांना तो झटका बसतो. एसटीच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला तर आपण समोरच्या सीटवर आदळतो, हळूहळू मारला तर कळतही नाही. तसंच हे. अर्थात घसरण्याचा सराव नसेल तर जांघेचे स्नायू हमखास ताणले जातात, त्यामुळे हौशी मंडळींनी टीव्ही बघून प्रयोग करू नयेत.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे अलीकडेच ओपीडीत आलेले अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ. "डॉक्टर, गुडघे कुरकुरतात. सगळे म्हणाले, चालायचं तर मातीवरच चाला. आमच्याकडे सगळीकडे पेव्हर ब्लॉक. म्हणून दोन महिने चालणंच बंद केलं." गुडघे होते तसेच होते. वजन मात्र तीन किलो वाढलं होतं आणि इतकी वर्षं आटोक्यात असलेली शुगर हाताबाहेर गेली होती.

सपाट रस्त्यावर साधं चालताना कुणी करकचून ब्रेक मारत नाही. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं आणि त्यासाठी सांधा हलावा लागतो, त्यावर थोडा भार यावा लागतो. शिवाय बसून राहिलं की मांडीचे स्नायू कमजोर होतात आणि तो भार पुन्हा गुडघ्यावरच येतो. त्यांना मी पेव्हर ब्लॉकवरच, चांगले बूट घालून, सुरुवातीला दहा मिनिटं चालायला सांगितलं. जोडीला खुर्चीत बसून पाय सरळ करून धरण्याचा व्यायाम.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच मंडळींची. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी नवे कोरे, घट्ट पकड असलेले बूट घालून थेट बॅडमिंटन किंवा टर्फवर क्रिकेट खेळणारे पन्नाशीचे लोक. अचानक थांबणं आणि वळणं सगळं तिथे. आधी दहा मिनिटं अंग गरम करा, पहिले काही आठवडे अर्धाच वेळ खेळा. आणि गुडघा पिळवटल्यावर सुजला, अडकू लागला किंवा जिना उतरताना दगा देऊ लागला, तर मलम चोळत बसू नका, दाखवून घ्या.