दुखत नाही, तरीही भूल

"तिले कमरेखाली काही समजतच नाही ना जी, मंग भूल काहून द्याची?"

मज्जारज्जूला इजा झालेली बाई बाळंतपणासाठी आली की हा प्रश्न हमखास येतो. बहुधा सासू विचारते, कधी नवरा. प्रश्न रास्त आहे, त्यावर चिडण्यात अर्थ नाही. अडचण एवढीच, की कधी कधी तो डॉक्टरांच्याही मनात असतो.

मी भूलतज्ज्ञ आहे. महागाव, पुसद, उमरखेड हा माझा पट्टा. आमच्याकडे भूलतज्ज्ञ एका दवाखान्याला बांधलेला नसतो. फोन आला की बॅग उचलून निघायचं. "अशा बाया तुमच्याकडे येतात तरी कुठून?" असं शहरातले सहकारी विचारतात. विहिरीच्या काठावरून पडलेली, डोक्यावर वैरणीचा भारा असताना बांधावर पाय घसरून मानेवर आपटलेली, मोटरसायकलवर मागे एका अंगाला बसलेली असताना गचक्यासरशी रस्त्यावर फेकली गेलेली. तुळजापूर-नागपूर महामार्ग गावाजवळून जातो, त्याचे अपघात वेगळेच. मणक्याचा क्षय होऊन पाय गेलेल्याही यात धरा. यातल्या बऱ्याच जणी ऐन तरुण वयातल्या. इजेनंतर पाळी काही महिने थांबते आणि बहुतेकींना परत सुरू होते. म्हणजे दिवसही राहू शकतात. गर्भाशय आकुंचन पावतं ते मुख्यतः संप्रेरकांच्या जोरावर, त्याला मेंदूची परवानगी लागत नाही.

पण कळा येतात त्या तिला कळतीलच असं नाही. गर्भाशयाच्या वेदना नेणाऱ्या नसा छातीच्या दहाव्या ते कमरेच्या पहिल्या पातळीपर्यंत मज्जारज्जूत शिरतात. दहाव्या पातळीची खूण म्हणजे बेंबी. इजा त्याच्या वर आणि पूर्ण असेल, तर कळ वेदना म्हणून पोचत नाही. पायांना अचानक वाढलेला ताठरपणा, धाप, उगाच वाटणारी अस्वस्थता, एवढ्यावरच ओळखावं लागतं. कुणाला न कळता, घरात गादीवरच मूल बाहेर येण्याचा धोका यातूनच असतो. म्हणून सातव्या महिन्यापासून पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट होतंय का हे बघायला मी तिला आणि घरातल्या एका बाईला शिकवते. दिवसातून दोनदा, निवांत आडवं होऊन. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे. इजा छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल, तर खरी भीती वेदनेची नसतेच. खालून आलेला संदेश मेंदूपर्यंत पोचत नाही, पण इजेखालचा मज्जारज्जू जिवंत असतो. तो आपल्या परीनं प्रतिक्रिया देतो आणि खालच्या रक्तवाहिन्या करकचून आवळतो. रक्तदाब भडकतो. मेंदूला ते कळतं, तो हृदयाची गती कमी करतो, चेहऱ्याच्या आणि मानेच्या रक्तवाहिन्या सैल सोडतो. पण "खाली सैल कर" हा त्याचा निरोप इजेच्या पलीकडे जात नाही. मग चेहरा लाल, कपाळावर घामाचे थेंब, नाक चोंदलेलं, डोकं फुटेल असं दुखणं, आणि इजेखाली मात्र त्वचा फिकट, थंड, काटा आलेली. वेळेत आवरलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. भरलेल्या मूत्राशयानं हे वादळ कसं उठतं, याचा सविस्तर अभ्यास लुडविग गटमन आणि व्हिटरिज यांनी 1947 साली मांडला. हे गटमन म्हणजे इंग्लंडच्या स्टोक मँडेविल रुग्णालयातले, पॅरालिम्पिकचे जनक. मूत्राशय भरल्यानं जे होतं, ते कळांनी कितीतरी पट जोरात होऊ शकतं.

फसगत कुठे होते ते एका बाईच्या उदाहरणानं सांगते. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. तिचा नेहमीचा रक्तदाब 90/60 असायचा. वरच्या पातळीवर इजा झालेल्यांचा तो कमीच असतो. प्रसूतिकक्षात तो 140/90 झाला, आणि गरोदरपणातलं बीपी म्हणून उपचाराची तयारी सुरू झाली. 140 हा आकडा इतर बाईला फार नाही. हिच्यासाठी तो पन्नासनं उडी होती. मी आधी चादर उचलली. लघवीच्या पिशवीची नळी मांडीखाली चेपली होती, पिशवी रिकामी आणि मूत्राशय तट्ट फुगलेलं. नळी मोकळी केली, तिला उठवून बसवलं, दाब उतरला. पुढच्या कळेला परत चढला, कळ ओसरली तसा खाली आला. ही चढउतार बघायची असते. गरोदरपणातलं बीपी कळेबरोबर असं खालीवर नाचत नाही.

मग एपिड्युरल. कमरेत मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी बसवायची आणि तिच्यातून भुलीचं औषध थोडं थोडं सोडायचं. त्यानं खालून येणारे संदेश मज्जारज्जूच्या दारातच अडतात, वादळ उठतच नाही. भूल चढली का हे एरवी आम्ही बर्फ लावून विचारतो, "थंड लागतं का?" इथे काय विचारणार! मी तिच्या पायांकडे बघत होते. लाकडासारखे ताठ, मधूनच झटकणारे पाय हळूहळू सैल पडले. पुढची कळ पोटावरच्या हाताला लागली, पडद्यावर दाब 100 च्या आसपासच राहिला. मूल खालूनच झालं. हे मुद्दाम सांगते, कारण "पाय गेलेत म्हणजे सिझरच" अशी आमच्या भागात ठाम समजूत आहे. सिझर प्रसूतीच्या कारणासाठी करावं, व्हीलचेअर हे कारण नव्हे. करावं लागलंच, तर कमरेतली भूल त्यालाही द्यायचीच.

कमरेतली भूल नेहमी सोपी जाते असंही नाही. मणक्यात सळ्या आणि स्क्रू बसवलेले असतात, पाठ वाकडी असते, सुई नेमकी कुठे घालायची हे जुना एक्स-रे पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. पूर्ण भूल द्यायची झाली तर सक्सिनिलकोलीन, ज्याला आम्ही स्कोलीन म्हणतो, ते दूर ठेवायचं. इजेनंतर दोन-तीन दिवस उलटले की या औषधानं लुळ्या स्नायूंतून पोटॅशियमचा लोंढा रक्तात येतो आणि हृदय बंद पडू शकतं. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला मेथार्जिनची सुई आमच्याकडे सर्रास देतात, ती रक्तदाब चढवते. इथे ऑक्सिटोसिन वापरावं. आणि एपिड्युरलची नळी मूल झाल्या झाल्या काढू नये, एक-दोन दिवस राहू द्यावी. वादळ नंतरही उठू शकतं.

नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' वाचलेल्यांना पाय गेल्यावरही आयुष्य उभं राहतं हे सांगायला नको. तरी अशा बाईला दिवस गेले की घरात पहिला सल्ला "पाडून टाक" असाच मिळतो, आणि तो देणाऱ्यांत शिकलेलेही असतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं, अगदी गंभीर दिव्यांगत्वाचा आणि डॉक्टरांच्या मताचा अपवाद वगळता, तिच्या स्पष्ट संमतीशिवाय गर्भपात करणं हा गुन्हा ठरवला आहे. मूल हवं की नको हे तिनं ठरवायचं. हवं असेल तर ते सुखरूप कसं होईल, हे आम्ही बघायचं.

महागाव तालुक्यातल्या गावात बसून एक अडचण मात्र खरी आहे. एपिड्युरल, रात्रभर दाबावर नजर, अतिदक्षता विभाग, हे सगळं जवळ मिळेल याचा भरवसा नाही. यवतमाळचं वैद्यकीय महाविद्यालय एका बाजूला, नांदेडचं दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडे जायला वेळ लागतो. ज्या बाईला कळ कळत नाही, तिच्यासाठी कळा सुरू झाल्यावर 108 ला फोन करणं हा बेत होऊ शकत नाही.

म्हणून आशाताईंना, डॉक्टरांना आणि घरच्यांना विनंती. तिची नोंदणी झाली की माता व बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्याच पानावर तिचा नेहमीचा रक्तदाब आणि इजेची पातळी ठळक लिहा. मणक्याच्या ऑपरेशनची फाईल आणि एक्स-रे कार्डासोबत ठेवा. सहाव्या-सातव्या महिन्यात तिला मोठ्या रुग्णालयात नेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर भूलतज्ज्ञाचीही भेट घडवा, आणि तारीख जवळ आली की तिला तिथेच भरती करा.